निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी हाताने शिवलेली गोधडी : आपले अनुभव लिहावेत

आमच्या शाळेतील ज्येष्ठ बाई गेल्या 31 मे रोजी निवृत्त झाल्या, तेव्हा आम्ही अकरा जणींनी मिळून शिवलेली गोधडी त्यांना दिली. त्यांच्या पिढीतील पुष्कळ शिक्षकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना 1 जून अशी लिहिली गेली आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो; त्यामुळे निरोप येतो तो नेमका सुट्टीत, सगळे आपापल्या गावी पांगलेले असताना. हे ठाऊक असल्याने आम्ही फेब्रुवारीतच सुरुवात केली आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास बसलो. प्रत्येकीने शाळेत नेसलेली एकेक सुती साडी दिली. नवे कापड मी मुद्दाम नाकारले, कारण बाईंना ओळखू येतील अशाच साड्या मला हव्या होत्या.

साड्या धुऊन, कडक उन्हात वाळवून वर्गात जमिनीवर अंथरल्या, चार कडांना विटा ठेवून पदर, म्हणजे कापडाचे थर, ताणले आणि मोठे कच्चे टाके घालून ते एकत्र टाचले. हे टाचण चुकले तर शिवताना आतले पदर सरकतात आणि गोधडीला फुगे येतात. त्यानंतर कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे धावदोरा घातला. माझी एक चूक मात्र सांगितली पाहिजे. मी दिलेल्या डाळिंबी साडीचा रंग आधी पाण्यात भिजवून तपासला नाही आणि शेवटच्या धुण्यात तो पांढऱ्या अस्तरावर उतरला. तो डाग अजूनही गेलेला नाही. कुणी अशी भेट तयार केली किंवा स्वीकारली असेल, तर सविस्तर लिहावे.

सातपूर येथून : आमच्या कारखान्यातील फोरमन निवृत्त झाले, तेव्हा आम्ही जुन्या गणवेशांचे तुकडे जोडले. ते कापड इतके जाड की चार पदरांतून साधी सुई जाईना, आणि दाभणाने भोके मोठी पडू लागली. शेवटी सिन्नरच्या एका सहकाऱ्याच्या आईने मार्ग सांगितला : गणवेशाचा एकच पदर वर ठेवावा आणि आत मऊ, विरलेली नऊवारी घालावी. त्या मावशींनी आम्हा सहा पुरुषांना धावदोरा शिकवला, गाठ वर न ठेवता दोन पदरांच्या मध्ये कशी लपवायची तेही दाखवले. शर्टाचे खिसे आम्ही उसवले, परंतु साहेबांच्या स्वतःच्या शर्टाचा, पेनाच्या शाईचा डाग असलेला खिसा तसाच ठेवला. त्यांनी गोधडी उलगडली आणि पहिला हात त्या खिशावर ठेवला.

येवला येथून : पैठणीचे गाव म्हणून आम्हीही हौसेने रेशमी तुकडे घेतले होते. रेशीम सुती पदरावर ठरत नाही आणि रोजच्या धुण्यात टिकत नाही. ते काढून टाकावे लागले. काठाची एक पट्टी शोभेपुरती ठेवली, तेवढी पुरेशी झाली.

नाशिकरोड येथून : रुग्णालयातील पाळ्यांमुळे आम्हा परिचारिकांना एकत्र बसणे शक्य नव्हते, म्हणून गोधडीच रात्रपाळीकडून दिवसपाळीकडे पिशवीतून फिरत राहिली. तीनच आठवडे हाती असल्याने पूर्ण मापाचा हट्ट सोडून मांडीवर घेण्याएवढी लहान केली. वेळ कमी असेल तर माप कमी करावे, टाके विरळ करू नयेत, असे मला ठामपणे वाटते.

पंचवटी येथून : मी भेट स्वीकारणाऱ्यांच्या बाजूची आहे, चार वर्षांपूर्वी कार्यालयातून निवृत्त होताना मला अशी गोधडी मिळाली. मे महिन्याच्या उकाड्यात ती घडी करून कपाटात गेली आणि डिसेंबरात, गोदेकाठी पहाटे हुडहुडी भरू लागल्यावर बाहेर निघाली. टाके कुणाचे कुठले हे मला कुणी सांगितले नव्हते, तरी बारीक, एकसारखे टाके लेखा शाखेतील ताईंचे असणार हे मी पाहताक्षणी ओळखले, आणि एका कोपऱ्यातले उलट्या तिरक्या दिशेने गेलेले टाके आमच्या डावखुऱ्या शिपाईभाऊंचे. या हिवाळ्यात नेमका तोच कोपरा उसवला. मुलगी शिवून देत होती. मी तिला थांबवले आणि भाऊंना फोन केला. ते रविवारी आले, अंगणात बसून त्यांनी तेवढा कोपरा पुन्हा शिवला आणि मग चहा घेतला.