मदत हवी आहे: कॉयरचा 25 वर्षांचा कार्यक्रम, टेनर कमी आणि सूर घसरतोय

मंडळी, आमच्या हौशी कॉयरला (समूहगानाच्या ग्रुपला) यंदा 25 वर्षं होतायत म्हणून कार्यक्रम ठरलाय, जुने मेंबरही परत गायला येणारेत, सगळे मिळून 40 च्या आसपास, आणि तिथेच गोची झालीय. सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज) भरपूर, बेसही (पुरुषांचे खालचे आवाज) ठीक, पण टेनर (पुरुषांचे उंच आवाज) फक्त तीन! एकाला सर्दी झाली की संपलंच. खालच्या आवाजाच्या दोन-तीन आल्टो बायकांना टेनरमध्ये बसवायचा विचार आहे, मधल्या सी च्या (कीबोर्डच्या साधारण मध्यावरचा सूर) खाली तीन-चार सूर त्या आरामात जातात, पण त्याखाली नुसती हवा येते. तिथे बेसमधले हलके आवाज जोडले तर चालेल का, का सरळ तीनच भागांची मांडणी करून घ्यावी?

दुसरं म्हणजे एक गाणं वाद्यांशिवाय आहे, फक्त शेवटच्या कडव्याला कीबोर्ड येतो. तोपर्यंत आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली घसरलेलो असतो, कुणाला कळतपण नाही, आणि मग कीबोर्ड वाजला की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. कुणी म्हणतं पट्टी अर्ध्या स्वराने वर घ्या, कुणी म्हणतं बसून गाताय म्हणून श्वास कमी पडतो. मला वाटतं अवरोहात आम्ही प्रत्येक सूर जरा जास्तच खाली टाकतो, पण हे सांगायचं कसं (निम्मे माझ्याहून सीनियर!). कीबोर्ड काढून टाकता येईल, पण वादक रुसेल.

ज्यांनी असे ग्रुप बसवलेत त्यांनी प्लीज सांगा, दीड महिनाच आहे आणि रिहर्सल आठवड्यातून एकदाच होते.