चेसापीक बे: दोघांनीच चालवायची जुनी शिडाची बोट. कोणती घ्यावी, काय तपासावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको अमेरिकेत मेरीलँडमध्ये, रॉकव्हिलला राहतो. चेसापीक खाडीकाठच्या ॲनापोलिसच्या एका क्लबच्या बोटी शनिवार-रविवारी घेऊन जातो, एएसए १०१ आणि १०३ (शिडाच्या बोटीचे कोर्स) दोघांचंही झालंय. आता स्वतःची बोट घ्यायचं ठरतंय. बोटीसाठी पंधरा हजार डॉलरपर्यंत आणि पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी वेगळे सात-आठ हजार बाजूला ठेवलेत.

दोन बोटी मनात भरल्यात. एक कॅटलिना ३०, १९८४ ची, युनिव्हर्सल डिझेल इंजिन, चाकाचं सुकाणू, आत ऐसपैस जागा, साडेतेरा हजार. दुसरी पिअर्सन ३०, १९७६ ची, ॲटॉमिक ४ पेट्रोल इंजिन, टिलर (दांड्याचं सुकाणू), सहा हजार. हिचे मालक एक वयस्कर गृहस्थ आहेत. तेल कधी बदललं, कुठला बोल्ट कधी काढून पुन्हा बसवला, सगळं त्यांनी वहीत तारीखवार लिहून ठेवलंय.

सर्वेयरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) पैसे द्यायच्या आधी आपण स्वतः काय बघावं? दोघांच्याही नोकऱ्या पूर्णवेळ, मग देखभाल कितपत झेपेल? आणि माझा खरा प्रश्न हा आहे: नवरा नव्वद किलोचा, मी चोपन्नची. तो पाण्यात पडला तर मी एकटी त्याला वर कशी घेणार? क्लबच्या बोटीवर बहुतेक वेळा तिसरं-चौथं कोणीतरी असायचं, म्हणून हे कधी मनात आलं नव्हतं.

डोलकाठी

अभिनंदन! दोन्ही बोटी चांगल्या घराण्यातल्या आहेत. कॅटलिना ३० सहा हजारांवर बनल्या, त्यामुळे तिचा प्रत्येक आजार कोणीतरी आधी बरा केलेला आहे. पिअर्सन ३० वजनाने हलकी, साधारण ३८०० किलो, कॅटलिना ४६०० च्या पुढे. पिअर्सन मंद वाऱ्यातही छान चालते, पण लवकर कलते. वारा पंधरा नॉट झाला की पहिला रीफ घ्यायचाच, म्हणजे शीड थोडं लहान करायचं.

माझं मत विचाराल तर मॉडेल बाजूला ठेवा आणि डेक बघा. त्या काळातल्या या बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये लाकडी गाभा असतो. रेलिंगचे खांब, क्लीट (दोर बांधायचे खुंट), चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) जिथे डेकमधून जातात, तिथलं सीलंट वाळून चिरतं. मग पाणी आत शिरतं आणि गाभा कुजतो. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि सगळा डेक ठोकत जा, दर दोन-तीन इंचांवर. निरोगी ठिकाणी 'टक' असा कोरडा, टणक आवाज येतो. कुजलेल्या ठिकाणी 'थप'. डोलकाठीचा पाया आणि चेनप्लेटभोवती फूटभर जागा तर दोनदा ठोका. फरक कानाला पाच मिनिटांत कळायला लागतो. आवाज बदलला तिथे पेन्सिलने खूण करा, फोटो काढा. मालकासमोरच करा, वाईट वाटू देऊ नका.

मग आत जा. चेनप्लेट ज्या लाकडी भिंतीला बोल्टने धरलेल्या असतात तिच्यावर काळे ओघळ आहेत का? अंगठ्याने दाबा, लाकूड दबलं तर ती दुरुस्ती हजारांत जाते. कॅटलिनात आणखी एक जागा: डोलकाठीचा भार आतल्या खांबावरून खाली येतो आणि त्या खांबाखाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) लाकडी ठोकळा असतो. तो कुजला की खांब खाली बसतो आणि वरच्या तारा सैल पडतात. फरशीची फळी उचलून टॉर्च मारा.

तारांचं वय विचारा. स्टेनलेसची रिगिंग दहा-पंधरा वर्षं झाली की बदलायची वेळ आली समजा, विमावालेही तेच विचारतात. कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, तुटलेला धागा असेल तर कापूस अडकतो. (उघड्या बोटाने करू नका.)

आणि पाण्याखालची प्रत्येक झडप स्वतःच्या हाताने उघड-बंद करून बघा. बागेच्या नळासारखी गोल मुठीची गेट व्हॉल्व्ह दिसली तर ती बदलायचीच, तो खर्च भावात धरा.

तेलकट_हात

इंजिनाबद्दल लिहितो. ॲटॉमिक ४ ला लोक उगाच घाबरतात. हे इंजिन १९४७ पासून १९८० च्या दशकापर्यंत बनलं, सुटे भाग आजही मिळतात, आवाज मऊ, दुरुस्ती सोपी. घाबरायचं ते पेट्रोलच्या वाफेला. ती हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये साचते. म्हणून सुरू करायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवायचा आणि नाक खाली नेऊन वास घ्यायचा. यात एकदाही सूट नाही. ही शिस्त दोघांच्याही अंगात असेल तरच पेट्रोल घ्या.

डिझेलवाल्या कॅटलिनात इंजिनापासून पॅनेलपर्यंतच्या वायरींचे प्लॅस्टिकचे जोड बघा. त्या काळच्या युनिव्हर्सल इंजिनांमध्ये ते गंजून गरम व्हायचे, वितळायचे. बदलले नसतील तर पहिलं काम ते.

दोन्ही बोटींना लागू असं एक सांगतो. मालकाला आधीच कळवा की तुम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावरून बरंच कळतं. तुम्ही पोचलात आणि इंजिन गरम लागलं तर कारण विचारा.

नांगरवाडी

खाडीकाठ ताई, तुमचा खरा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितेय. आम्हीही दोघंच असतो, वेस्ट रिव्हरला बोट आहे.

नव्वद किलोच्या माणसाला भिजल्या कपड्यांत हातांनी ओढून वर घेणं तुम्हालाच काय, पैलवानालाही जमत नाही. म्हणून ताकदीचा विचार सोडून द्या, कप्पी आणि विंचचा (हँडल फिरवून दोर ओढायच्या ड्रमचा) करा. लाइफस्लिंग नावाचा तरंगता पट्टा मिळतो, लांब दोराला बांधलेला, मागच्या रेलिंगवर पिशवीत. माणूस पडला की हाताला येईल ते तरंगणारं काहीही फेका, लगेच बोट वाऱ्यात वळवा, जिब (पुढचं शीड) न सोडता. वेग मरतो. मग पट्टा पाण्यात सोडून त्याच्याभोवती गोल फिरा, दोर आपोआप त्याच्याजवळ येतो. त्याने पट्टा काखेखाली घेतला की शिडं उतरवा, त्याला बोटीच्या बाजूला आणून दोर क्लीटला पक्का करा. आता तो हरवणार नाही. श्वास घ्या. मग कप्प्यांचा संच हॅलियार्डने (शीड वर चढवायच्या दोराने) डेकपासून दहाएक फूट वर चढवा, खालचं टोक पट्ट्याला अडकवा, दोराचा शेवट कॉकपिटमधल्या मोठ्या विंचवर. आता हँडल फिरवायचं, बस. चोपन्न किलोची बाई नव्वद किलोचा माणूस असा वर घेते, मी घेतलेला आहे.

पण हे वाचून येत नाही. जूनमध्ये पाणी उबदार झालं की ऱ्होड रिव्हरमध्ये नांगर टाका, नवऱ्याला पाण्यात उतरवा आणि त्याने हातपाय न हलवता तुम्ही त्याला पूर्ण डेकवर घ्या. मग अदलाबदल. जुलै उजाडायच्या आत करा, नंतर जेलीफिश येतात. एप्रिलमध्ये हवा छान असली तरी पाणी इतकं गार असतं की काही मिनिटांत हाताची बोटं मिटत नाहीत, तेव्हा त्याच्या मदतीवर विसंबू नका. एप्रिलमध्ये आम्ही दोघंही हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) लावूनच पुढे जातो.

व्हीएचएफ रेडिओला डीएससीचं (आपोआप मदत मागणारं) लाल बटण असेल तर एमएमएसआय नंबर (रेडिओचा ओळखक्रमांक) भरून घ्या, आणि चॅनल १६ वर (संकटाच्या चॅनलवर) काय बोलायचं ते कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला बोटीचं नावही आठवत नाही.

म्हणूनच बोट निवडताना मी एकच कसोटी लावीन: दोघांपैकी कोणीही एकटं तिला धक्क्याला परत आणू शकतं का? जिबला फर्लर (शीड गुंडाळणारं यंत्र) हवा, रीफचे दोर कॉकपिटपर्यंत आणलेले हवेत, आणि मागची शिडी पाण्यातून ओढून खाली करता आली पाहिजे. यातलं काही नसेल तर ते पहिल्या वर्षीच्या खर्चात धरा, नव्या गाद्या नंतर.

डोलकाठी

नांगरवाडी, तंतोतंत. एक जोड देतो. धक्क्याला लागताना नेहमी एकच जण सुकाणूवर आणि दुसरा दोर घेऊन पुढे, असं पुष्कळ जोडप्यांचं ठरूनच जातं. दर फेरीला बदला. आणि धक्क्यावर उडी मारायची नाही. बोटीच्या मध्यावरच्या क्लीटचा दोर खुंटीवर टाका, इंजिन हळू पुढे ठेवा, बोट स्वतःच चिकटून उभी राहते.

मांडवी_पणजी

मी तिकडचा नाही, गोव्याहून वाचतोय. दोघांनी बोट चालवण्यावरून आठवलं: आपल्या नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी आयएनएसव्ही तारिणीवरून ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. ५६ फुटांची बोट आणि माणसं फक्त दोन. म्हणजे एक झोपली की दुसरी एकटीच. ही बोट इथेच दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बनली. त्याआधीची म्हादेईही तिथलीच, जिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारणारे पहिले भारतीय ठरले. अभिमान वाटतो म्हणून लिहिलं.

इकडे पावसाळ्यात बोट वर काढावी लागते, तिकडे हिवाळ्यात. त्याचं कसं करता?

तेलकट_हात

इकडे शत्रू पावसाऐवजी बर्फ. इंजिनात पाणी राहिलं आणि गोठलं तर ब्लॉक फुटतो. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) आत इंजिन गरम करून तेल बदलायचं, मग समुद्राच्या पाण्याची नळी गुलाबी अँटिफ्रीझच्या बादलीत टाकून मागच्या एक्झॉस्टमधून गुलाबी येईपर्यंत चालवायचं. पाण्याच्या टाक्या, पंप, टॉयलेट सगळ्यांना तेच. इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं रबरी चाक) दर वसंतात नवा. एका शनिवारी दोघांनी मिळून होतं. यार्डाकडून करून घेतलं तर काही शे डॉलर.

चेसापीकचं पाणी निमखारं, म्हणून जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड (स्वतः गंजून बोटीचा बाकीचा धातू वाचवणारे तुकडे) लावा. तळाचा रंग घासताना कोरडा घासू नका, त्यात तांबं असतं. पाणी लावून, मास्क घालून.

कागदपत्रे_महत्त्वाची

तुम्ही व्हिसावर की ग्रीनकार्डवर, ते लिहिलं नाहीत. कोस्ट गार्डकडची फेडरल नोंदणी फक्त अमेरिकन नागरिकांना मिळते. विकणाऱ्याची बोट तशी नोंदलेली असेल तर ती रद्द करून मेरीलँड राज्याची नोंदणी घ्यावी लागेल. अवघड काही नाही, फक्त आधीच विचारून ठेवा. राज्याचा एक्साइज टॅक्स किमतीच्या ५ टक्के. १ जुलै १९७२ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोटिंग सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं, ते दोघांनीही करून घ्या.

सर्वेयर सॅम्स किंवा नॅम्सचा (सर्वेयरांच्या संघटनांचा) सदस्य असलेला बघा, आणि विकणाऱ्याच्या किंवा ब्रोकरच्या ओळखीचा नको. जुन्या बोटीला विमा कंपन्या सर्वे मागतातच. तो चालू असताना तिथे हजर राहा.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही ग्रीनकार्डवर आहोत, ते नोंदणीचं आम्हाला अजिबात ठाऊक नव्हतं.

काल दोन्ही बोटी ठोकून आलो. कॅटलिनाचा पुढचा डेक डोलकाठीपासून हॅचपर्यंत 'थप'. मालक म्हणाले फार काही नाही, पण खांबाखालचा ठोकळा अंगठ्याने दबला. पिअर्सनचा डेक जवळपास सगळा 'टक', फक्त डावीकडच्या चेनप्लेटपाशी हातभर जागा संशयास्पद. वहीत त्याची नोंद होतीच: 'डावी चेनप्लेट, पुन्हा ओल, वसंतात बघणे.' इंजिन थंड होतं, दुसऱ्या प्रयत्नात लागलं. सुरू करण्याआधी आजोबांनी न सांगता ब्लोअर लावला आणि वाकून वास घेतला. पिअर्सनचा सर्वे पुढच्या आठवड्यात करतोय. फर्लर आहे, पण रीफचे दोर डोलकाठीपाशीच आहेत आणि मागे शिडी नाही. सर्वे नीट निघाला तर कामं कोणत्या क्रमाने घ्यावीत? आणि स्लिप (धक्क्यावर बोट ठेवायची जागा) कुठे बघावी?

नांगरवाडी

वहीत स्वतःच्या बोटीचा दोष लिहून ठेवणारा मालक मिळणं भाग्याचं. ती वही बोटीबरोबर मागून घ्या.

क्रम असा ठेवा: बोट पाण्यात जायच्या आधी झडपा, नळ्या, दुहेरी क्लँप. मग शिडी आणि लाइफस्लिंग. मग रीफचे दोर मागे आणणं. चेनप्लेट मे महिन्याच्या कोरड्या आठवड्यात: काढा, भोवतीचा ओला गाभा कोरून टाका, वाळू द्या, इपॉक्सीने भरा, नवं भोक पाडा, ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावून बसवा. डावी केलीत की उजवीही करा, तिची पाळी येणारच आहे. रंगरंगोटी आणि पडदे पुढच्या वर्षी.

स्लिप ॲनापोलिस गावात महाग. गेल्सव्हिल किंवा डीलकडे बघा, रॉकव्हिलहून पाऊण-एक तासात पोचाल. तुमच्या बोटीला पाच फूट पाणी लागतं, आणि हिवाळ्यात वायव्येचा वारा दोन दिवस वाहिला की खाडीचं पाणी ओसरतं. म्हणून स्लिपवाल्याला वायव्य वाऱ्यात किती पाणी उरतं ते विचारा. भरतीचा आकडा पुरेसा नाही.

डोलकाठी

पहिले काही शनिवार-रविवार गेल्सव्हिलहून ऱ्होड रिव्हर एवढंच करा, तासाभराचं अंतर आहे. खाडीपलीकडच्या सेंट मायकल्सला लाँग वीकेंड ठेवा. रविवारी घरी पोचायचंय म्हणून वारा नसताना इंजिनावर घाई करत येणं टळतं. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेला काळं दिसलं की शिडं आधी उतरवा, चर्चा नंतर. आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तरंगते गोळे संध्याकाळच्या उन्हात दिसत नाहीत, इंजिनावर असताना एकाने पुढे उभं राहावं.

खाडीकाठ

सर्वेयर बुधवारी सकाळी आठला येतोय, दोघांनीही रजा टाकलीय. लाइफस्लिंग आजच मागवला.