मदत हवी आहे: महागड्या सीरम-क्रीमना परवडणारे पर्याय (वांग, एसी ऑफिस, मुंबईची हवा)

कोरांटी

नमस्कार मंडळी,

चेहऱ्याला लावायच्या तीन महागड्या वस्तू मला बंद करायच्या आहेत आणि त्यांच्या जागी खिशाला झेपतील अशा हव्या आहेत. इतकी वर्षं मावसबहीण अमेरिकेहून येताना आणायची, तिकडे सेल लागला की माझ्यासाठी घेऊन ठेवायची. ती आता कायमची पुण्याला परत आली आणि इकडे धाकटीच्या अकरावीच्या क्लासची फी सुरू झाली. परवा लोअर परळच्या मॉलमध्ये नुसत्या किमती बघून आले. एका छोट्या डबीच्या पैशात आमच्याकडे महिन्याचा किराणा भरून वर भाजीही येते. हे आता जमणार नाही.

माझ्याबद्दल थोडं. वय ४३, घर बोरिवलीला, नोकरी बीकेसीत, म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलात. सकाळची लोकल, पुढे बांद्र्याहून शेअर रिक्षा, घामाने निथळत ऑफिसात शिरायचं आणि मग दिवसभर एसीच्या झोताखाली. त्यामुळे कपाळ-नाक तेलकट आणि गाल मात्र संध्याकाळपर्यंत ओढल्यासारखे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांच्या हाडांवर वांगाचे डाग आले. उन्हाळ्यात गडद होतात, पावसाळ्यात जरा निवळतात, पूर्ण कधीच गेले नाहीत. माझी खरी काळजी तीच आहे. सुरकुत्यांचं मला फारसं काही वाटत नाही.

वापरते ते असं: सकाळी स्किनस्युटिकल्सचं सी-ई-फेरुलिक सीरम, रात्री एसके-टूचं ते पाण्यासारखं एसेन्स आणि त्यावर ला मेरचं घट्ट क्रीम. सनस्क्रीन मात्र मिळेल ते, सेलमध्ये असेल ते.

वस्तू वाईट आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्वचा खरंच मऊ राहते. प्रश्न एवढाच की यातलं काय बदललं तर चालेल, काय पूर्ण सोडलं तरी फरक पडणार नाही आणि पैसे घालायचेच तर कशात घालावेत? क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला हीच नावं निम्म्या किमतीत मिळतात असं ऑफिसातली एक जण म्हणते, ते घ्यावं का? इन्स्टाग्रामवर रोज कुणीतरी नवीन 'ड्यूप', म्हणजे महागड्या वस्तूसारखी स्वस्त वस्तू, दाखवतं. त्याने डोकं पार भणभणलंय, म्हणून इथे विचारते आहे.

चर्चगेट_स्लो

एसेन्स सोडा. मी पण लावायचे, बंद केल्यावर चेहऱ्याला काही कळलंही नाही. मुंबईच्या दमट हवेत एवढे थर कशाला? सीरमसाठी मिनिमलिस्ट किंवा डर्मा को हे आपल्याकडचे ब्रँड बघा, केमिस्टकडेही मिळतात आता.

खलबत्ता

कोरांटीताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि बरीच वर्षं क्रीम-लोशन बनवणाऱ्या कारखान्यात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'अमक्या क्रीमसारखं दुसरं कोणतं' या वाटेने गेलात तर शोध संपणार नाही. डबीत काम करणारा घटक कोणता, तो किती टक्के आहे आणि तुमच्या कोणत्या तक्रारीवर चालतो, एवढंच बघा. तसं बघितलं की तुमच्या तीन वस्तूंचे तीन वेगळे निकाल लागतात.

सीरमपासून. यात लपवाछपवी काहीच नाही: १५ टक्के एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, १ टक्का व्हिटॅमिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा २००५ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. सी आणि ई च्या मिश्रणात फेरुलिक घातल्यावर उन्हापासूनचं संरक्षण जवळपास दुप्पट झालं, असं त्यात दाखवलं होतं. हे मिश्रण आम्ल लागतं, पीएच साडेतीनच्या खाली, तरच व्हिटॅमिन सी त्वचेत शिरतं. हे टक्के आणि हा पीएच सांभाळणं भारतीय कंपन्यांना मुळीच अवघड नाही. बाटलीवर 'एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड' असंच नाव हवं, १० ते २० टक्क्यांच्या मधे, सोबत ई आणि फेरुलिक. नुसतं 'व्हिटॅमिन सी' लिहून आत इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असतं बऱ्याचदा. ते व्हिटॅमिन सीचंच बदललेलं रूप. तेही वाईट नाही, संवेदनशील त्वचेला उलट सौम्य पडतं, पण तो त्याच सीरमचा पर्याय नव्हे.

आता क्रीम. डबीच्या खोक्यावरची घटकांची यादी मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा. जो घटक सर्वांत जास्त तो आधी, मग उतरत्या क्रमाने, असा नियम आहे. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही लिहिता येतात. तिथे खुणेचा दगड म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल. हे परिरक्षक, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारं द्रव्य, १ टक्क्याच्या वर घालायला परवानगी नसते. त्यामुळे यादीत त्याच्या मागे जे काही लिहिलंय, मग ते मोती असो, केशर असो की सोन्याची भस्मं, ते जवळपास नक्कीच १ टक्क्याच्या आतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात झळकणारा घटक पुष्कळदा या दगडापलीकडे सापडतो. दुकानात उभ्या उभ्या ही एक गोष्ट तपासलीत तरी निम्म्या वस्तू हातातून खाली ठेवाल.

ला मेरच्या यादीत सुरुवातीला समुद्री शैवालाचा अर्क, मग मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम, ग्लिसरिन, पुढे मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, लॅनोलिन अल्कोहोल. निव्हियाच्या निळ्या डबीवर पाणी, मिनरल ऑइल, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, ग्लिसरिन, लॅनोलिन अल्कोहोल. शैवालाचा अर्क सोडला तर सांगाडा एकाच घराण्याचा आहे. त्वचेतलं पाणी उडू न देणं हे दोघांचं मुख्य काम आणि ते मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम आणि मेणच करतात. जाता जाता सांगतो, निव्हिया बनवणाऱ्या बायर्सडॉर्फचाच ला प्रेरी हा अतिमहाग ब्रँड आहे. लॉरियालकडे गार्नियेही आहे आणि लँकोमही, आणि तुमचं स्किनस्युटिकल्सही त्यांचंच.

पण ताई, तुम्हाला मी निव्हियाही सुचवणार नाही. कपाळ-नाक तेलकट असताना एवढं मेण कशाला? दोन्हींत सुगंधही आहे. तुमचे गाल एसीने कोरडे पडतात, त्यासाठी सेरामाइड (त्वचेत असतात तसे, ओलावा धरून ठेवणारे स्निग्ध घटक) आणि ग्लिसरिन असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर घ्या. सेराव्हे, सेटाफिल, डॉ. रेड्डीजचं व्हेनुसिया, केमिस्टकडे सगळी असतात, पण त्यांची सगळीच क्रीमं तशी नसतात, यादी वाचून घ्या. फक्त गालांना लावा. वेष्टनावर एमआरपीशेजारी हल्ली प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दरही छापलेला असतो, तुलना त्याच्यावरून करा. छोट्या डबीची कमी किंमत पुष्कळदा फसवी असते.

एसेन्सबद्दल चर्चगेट_स्लो यांच्याशी सहमत. त्यात मुख्यतः गॅलॅक्टोमायसिस या यीस्टचं आंबवलेलं पाणी आहे. सोडवतच नसेल तर कोरियन कंपन्यांची त्याच घटकाची एसेन्सं बरीच स्वस्त मिळतात. मी त्या जागी ५ टक्क्यांचं नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी-३ चं एक रूप) सीरम घेईन. डागांवर त्याचा थोडा का होईना उपयोग होतो, तेल कमी दिसतं आणि किंमत काहीशे रुपये. १० टक्क्यांच्या मागे लागू नका, अभ्यासांमध्ये ४-५ टक्क्यांनीच काम झालेलं आहे.

आंबेहळद

एवढी रसायनं कशाला गं? माझ्या सासूबाई लिंबाचा रस आणि मध लावायच्या, डाग सगळे पुसट झाले होते. लिंबात व्हिटॅमिन सीच तर असतं.

खलबत्ता

आंबेहळद, मध राहू द्या, लिंबू नको, कृपा करून. लिंबाचा रस सीरमपेक्षाही आम्ल असतो आणि लिंबाच्या सालीतल्या फ्युरानोकुमारिन द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. ज्यांना वांग आहे त्यांच्यासाठी तर हे आगीत तेल. बेसन-साय, मसुराचं पीठ यांनी चेहरा धुवायला माझी काहीच हरकत नाही, फक्त घासू नका.

सदाफुली_ठाणे

वांगावर लिहिते, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. कोरांटी, तुमच्या यादीत सगळ्यात दुबळी जागा सनस्क्रीनची आहे आणि वांगाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. बाकीचे पैसे वाचवा आणि ते इथे घाला.

माझ्या त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की वांगाला नुसतं अतिनील ऊन नाही, साधा उजेडसुद्धा गडद करतो. तो अडवायला रंगवालं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन लागतं, ज्यात आयर्न ऑक्साइड ही लोहाची रंगद्रव्यं असतात. यादीत ते नावाने लिहिलेले असतात किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ या आकड्यांनी. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, दुकानातली मुलगी सांगू शकली नाही तरी तुम्हाला ओळखता येतील. एसपीएफ ३० च्या वर, शक्यतो ५०. आणि प्रमाण! तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. बांद्र्याला उतरेपर्यंत घामाने निम्मं गेलेलं असतं, म्हणून ऑफिसात पोहोचल्यावर चेहरा टिपून परत लावा. स्टेशनबाहेर उन्हात रिक्षाच्या रांगेत उभं राहताना छत्री. स्कार्फ असेल तर जाड विणीचा, गडद रंगाचा.

डाग कमी करायला अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड चांगलं. स्वस्त असतं, केमिस्टकडे मिळतं, पण एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. खाजगीत फी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन, पालिकेच्या या तिन्ही रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, केसपेपरचा खर्च नाममात्र. रांगेत वेळ जातो, एक रजा टाकावी लागेल. माझं निदान तिथेच नीट झालं.

आणि एक कळकळीने सांगते. 'डागांवर रामबाण' म्हणून केमिस्ट एक तिहेरी क्रीम हातात ठेवतो, ज्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. ते औषध आहे, डॉक्टर ठरावीक काळासाठी देतात आणि मग थांबवतात. माझ्या जावेने कुणाला न विचारता ते गोरेपणाची क्रीम असल्यासारखं लावलं. चेहरा आधी उजळला, मग पातळ कागदासारखा झाला, लालबुंद, बारीक शिरा दिसायला लागल्या आणि बंद केलं की आग आग. तिला सावरायला फार वेळ लागला. स्वस्त पर्याय शोधताना नेमकं हेच सगळ्यात स्वस्त पडतं, म्हणून जास्त भीती वाटते.

खलबत्ता

सदाफुलींच्या शब्दाशब्दाशी सहमत. क्रॉफर्डचा प्रश्न राहिला. तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत 'इम्पोर्टेड' म्हणून जे मिळतं त्यात खरं-खोटं डोळ्यांनी ओळखता येत नाही. परदेशी सौंदर्यप्रसाधन रीतसर आयात झालं असेल तर वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावाच लागतो. ते नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. गोरेपणाच्या बेनामी क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि त्याने मूत्रपिंड बिघडतं. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरममध्ये डॉक्टरांनी असे रुग्ण पुढे आणले होते, त्यात तरुण मुलीही होत्या. मिली-मिलीचा हिशेब करताना हे विसरून चालणार नाही.

कोरांटी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आज जेवणाच्या सुट्टीत खाली केमिस्टकडे जाऊन खोकी वाचत बसले. 'केशर आणि मोती' लिहिलेल्या एका क्रीममध्ये दोन्ही फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे निघाले, अगदी शेवटून तिसरे-चौथे. सनस्क्रीनमध्ये ७७४९१ वालं एक मिळालं, रंग माझ्या गव्हाळ वर्णाला जरा फिका आहे, पण मिसळतो.

ठरवलंय ते असं: एसेन्स बंद, ला मेर संपलं की परत नाही, गालांना सेरामाइडवालं, रात्री नायसिनामाइड. नायरला त्वचा विभागात दाखवायला पुढच्या आठवड्यात रजा टाकते आहे, अ‍ॅझेलाइकचं तिथेच विचारीन.

शेवटचे दोन प्रश्न. सी-ई-फेरुलिकची अर्धी बाटली शिल्लक आहे, रंग नारिंगी झालाय, ती वापरून संपवू का? आणि नवीन घेतलं तर आपल्याकडच्या उकाड्यात ठेवू कुठे?

खलबत्ता

फिकट पिवळं असतं तर वापरा म्हटलं असतं. नारिंगी म्हणजे व्हिटॅमिन सी बरंचसं ऑक्सिडाइझ झालंय. चेहऱ्याला फायदा होणार नाही आणि पिवळसर डाग पडतील ते वेगळेच. जीवावर येईल, पण टाका. नवीन घेताना १५-२० मिलीची लहान, गडद काचेची बाटली घ्या, दोन-तीन महिन्यांत संपेल अशी. झाकण घट्ट लावून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. आणि नायरला जाताना सध्या लावता त्या सगळ्या डब्यांचे, मागच्या यादीसकट, फोटो घेऊन जा. डॉक्टरांना ते लागतात.

सदाफुली_ठाणे

त्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नका, रंगवालं सनस्क्रीनसुद्धा नको. छत्री न्या आणि केसपेपरची खिडकी उघडायच्या आधीच पोहोचा.