जुने मॅप सीक्वेलमध्ये आणावेत का?

धागाकर्ता:
स्ट्रॅटेजी गेमचा पुढचा भाग आला की खेळाडूंनी वर्षानुवर्षं खपून बनवलेले मॅप मागेच राहतात. माझं मत ठाम आहे: नव्या गेमच्या एडिटरमध्ये (मॅप बनवायच्या साधनात) जुन्या मॅपची फाइल उघडलीच पाहिजे. एज ऑफ एम्पायर्स २ मूळ १९९९चा, तरी २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये जुने सिनॅरिओ (खेळाडूंनी बनवलेले मॅप) उघडतात. मग सीक्वेललाच काय धाड भरते? चार खेळाडूंच्या एका मॅपवर मी सहा महिने घालवलेत, मधली खिंड एकेका टाइलने (मॅपच्या चौकोनाने) कमी-जास्त करत. ते सगळं पाण्यात जाऊ द्यायचं?

प्रतिसाद १:
उदाहरण चुकलं. डेफिनिटिव्ह एडिशन म्हणजे तोच गेम नव्या रूपात, सीक्वेल नव्हे. स्टारक्राफ्ट (१९९८) आणि स्टारक्राफ्ट २ (२०१०) घ्या. पहिल्यात खालून टेकडीवर झाडलेल्या जवळपास निम्म्या गोळ्या वाया जायच्या, म्हणून वर मोजकी युनिटं (सैनिक, वाहनं वगैरे) बसवूनही बेस राखता यायचा. दुसऱ्यात वरचं दिसत असेल तर नेम चुकतच नाही. एका वेळी १२ युनिटं निवडायची मर्यादाही गेली. रीपर हे नवं युनिट तर कडा चढून थेट आत उतरतं. टाइलन् टाइल तशीच आणलीत, तरी ज्या टेकडीच्या जोरावर मॅप उभा होता तिला काही अर्थच उरत नाही. असा मॅप मूळ कर्त्याच्या नावावर खपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

धागाकर्ता:
समतोल बिघडेल, मान्य. पण मी तयार मॅप मागतच नाहीये. जमिनीचे चढउतार, खनिजांच्या जागा, सुरुवातीचे बेस, एवढं आलं तरी पुरे. आज काय करतो आपण? शेजारी स्क्रीनशॉट ठेवून टाइली मोजत बसतो.

प्रतिसाद २:
तसं बसण्यातूनच नवं काही सुचतं. एऑन ऑफ स्ट्राइफ हा स्टारक्राफ्टचा मॅप. त्याची कल्पना वॉरक्राफ्ट ३ मध्ये आली ती नव्याने बांधली म्हणून, आणि त्या गेमचे लेव्हल वाढणारे हिरो हाताशी होते म्हणून डोटा हा गाजलेला मॅप झाला. नुसती फाइल सरकवून हे झालं नसतं. शिवाय तुम्ही दोघं फक्त जमिनीचं बोलताय. माझे मॅप ट्रिगरवर, म्हणजे ‘अमुक झालं की तमुक घडव’ अशा आज्ञांवर चालतात. नव्या गेममध्ये ते युनिटच नसेल तर ट्रिगर कशाला लावणार?

प्रतिसाद ३:
आयात हवीच, पण एका अटीवर: कर्त्याचं नाव फाइलमधून पुसता येता कामा नये. माझा मॅप वर्णनातलं नाव बदलून दुसऱ्याच्या नावाने फिरताना मी पाहिलाय. जीव तुटतो.

धागाकर्ता:
नावाची अट शंभर टक्के मान्य. ट्रिगर तुटले तर तुटू देत, यादी दाखवा, आम्ही दुरुस्त करू. ज्याला कोऱ्या मॅपपासून सुरुवात करायचीय त्याला कोण अडवतंय? पण कितीतरी मॅपमेकर आता खेळतच नाहीत, त्यांचे मॅप पुन्हा कोण बांधणार? माझी खिंड सहा टाइलींची होती. नव्या गेममध्ये ती कदाचित नऊची करावी लागेल. ते मला फाइल उघडून, दोन्ही बाजूंनी सैन्य घुसवून बघायचंय.