पॅरिश कौन्सिलचं सदस्य व्हावं का? अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये, डेव्हनमधल्या एका खेड्यात राहतो. शेतातून चर्चकडे जाणाऱ्या पायवाटेवर कुंपण ओलांडायची लाकडी पायरी हिवाळ्यात मोडली. तेव्हापासून शेजारच्या आजी गाड्यांच्या अरुंद रस्त्यानेच जातात. माझा जीव टांगणीला लागतो. दुरुस्ती जमीनमालकाने करायची, ती करून घ्यायची जबाबदारी काउंटी कौन्सिलची, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेची. पण पाठपुरावा करणार कोण? आमची पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायतच. तिथे दोन जागा रिकाम्या आहेत. निवडणुकीची मागणी कुणी केली नाही, म्हणून सभेतच सदस्य घेणार आहेत आणि मला विचारलंय.

पासपोर्ट भारतीय, पण आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी आहे. राष्ट्रकुल नागरिक म्हणून चालतं, असं कौन्सिलच्या क्लार्कबाई म्हणाल्या. मानधन नाही, त्याचं काही नाही. मात्र 28 दिवसांत माझे आणि नवऱ्याचेही हितसंबंध जाहीर करायचे आहेत: नोकरी, घर सगळं. हा फॉर्म कुणी भरलाय का? घराचा पत्ता सगळ्यांना दिसतो का? आणि ज्या शेतकऱ्याकडून आम्ही अंडी घेतो, त्याच्याच पायरीबद्दल सभेत बोलायचं कसं?

सभा पुढच्या मंगळवारी आहे. त्याआधी कळवाल का?