वह्यावाटप सोडून सैनिकांच्या मुलांसाठी संघटना काय करू शकते?

तालुका_सचिव

जय हिंद. आमची तालुका पातळीवरची माजी सैनिक संघटना आहे. ८० सभासद, एक खोली, एक संगणक आणि वर्षाला जेमतेम ६० हजार रुपये वर्गणी. मुलांसाठी आजवर दोनच कामे होतात: जूनमध्ये वह्या आणि १५ ऑगस्टला दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. तालुक्यात सेवेतल्या जवानांची सव्वाशेच्या आसपास घरे आहेत, वीरनारी (शहीद जवानांच्या पत्नी) ९ आहेत. मुलांच्या खरोखर उपयोगी पडेल असे काही बसवायचे आहे. एवढ्या पैशांत कुठून सुरुवात करावी? वडिलांची बदली झाली म्हणून मध्येच गावच्या शाळेत आलेली मुले आणि वीरनारींची मुले, यांच्यासाठी वेगळे काय करावे? जाणकारांनी नेमके सांगावे.

कागदपत्र_कक्ष

सचिव साहेब, वह्यांचे पैसे यंदा एका चांगल्या स्कॅनरवर घाला आणि वर्षातून चार रविवार कागदपत्र शिबिर घ्या. सैनिकांच्या मुलांचा पैसा सर्वांत जास्त अडतो तो नावात.

भरतीच्या वेळी इंग्रजीत जे नाव लिहिले गेले तेच रेकॉर्डला, म्हणजे पलटणीच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात, राहते. कुणाचे आडनावच नाही, कुणाचे आडनाव आधी आहे. ‘शिवाजी’मधल्या ‘व’ला डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तकात) व्ही आणि आधारवर डब्ल्यू. बायकोचे नाव रेकॉर्डला माहेरचे, रेशन कार्डावर सासरचे. मुलाची जन्मतारीख जन्मदाखल्यावर एक, बुकात दुसरी. मूल लहान असते तोवर कुणाचे लक्ष जात नाही. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले की सगळे एकदम वर येते, आणि तोवर दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो, कारण रेकॉर्ड ऑफिसकडून उत्तर यायला महिने जातात. म्हणून पहिले शिबिर नववीपर्यंतच्या मुलांच्या पालकांचे घ्या.

सुट्टीवर आलेल्या प्रत्येक जवानाला एकच प्रश्न विचारा: मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या नोंदीत जन्म चढवणारा युनिटचा आदेश) निघाली का, नंबर आणि तारीख आहे का? नसेल तर जन्मदाखल्याची प्रत हातात देऊनच त्याला परत पाठवा. सेवेत असताना हे काम युनिटच्या ऑफिसातून होते. निवृत्तीनंतर तेच काम प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मग रेकॉर्ड ऑफिस अशा फेऱ्यांत अडकते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचे सागरला. प्रत्येक रेकॉर्डची पत्रव्यवहाराची रीत थोडी वेगळी असते. त्या त्या पलटणीत क्लार्क राहिलेला सभासद शोधा आणि ती फाइल त्याच्याकडेच द्या.

शिबिरात तीन टेबले लावा. पहिल्यावर फक्त तुलना करायची: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव, स्पेलिंग आणि तारीख एका कागदावर उतरवायची. दुसऱ्यावर मूळ कागदाचे रंगीत स्कॅन. झेरॉक्सचे स्कॅन केले की शिक्का दिसत नाही आणि अर्ज परत येतो. तिसऱ्यावर शिष्यवृत्तीच्या अर्जांचे पोर्टलवरचे काम. दिवसाला २० ते २५ कुटुंबांपेक्षा जास्त बोलावू नका, कारण पहिल्याच टेबलावर एका घराला १५ मिनिटे लागतात आणि घाईत नेमकी तीच तुलना सुटते. मूळ कागद संघटनेने कधीही ठेवून घेऊ नयेत.

आता योजना. दोन मोठ्या आहेत आणि दोन्हींचे अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर भरायचे असतात.

पंतप्रधान शिष्यवृत्ती: मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. ही माजी सैनिकांच्या आणि दिवंगत सैनिकांच्या मुलांसाठी आहे. सेवेतल्या जवानाच्या मुलाला मिळत नाही, त्यामुळे त्या घरांना आशा लावू नका. बारावी, पदविका किंवा पदवी, ज्यावर प्रवेश मिळाला त्या परीक्षेत किमान ६० टक्के हवेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षालाच अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले हवे. आईच्या किंवा वडिलांच्या खात्याचा नंबर टाकला की तिथेच गाडी थांबते. पुढच्या प्रत्येक वर्षी किमान ५० टक्के मिळवून नूतनीकरण करावे लागते, आणि नूतनीकरण विसरणारी मुले खूप असतात. त्यांची यादी भिंतीवर लावा.

शिक्षण अनुदान: हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत, पहिली ते पदवी. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना १,००० ऐवजी २,००० रुपये झाले आहेत. आधीची इयत्ता पास झाल्यावर अर्ज करायचा असतो. म्हणजे निकालपत्रक हातात आले की त्याच आठवड्यात स्कॅन करा. त्याच मुलासाठी दुसरीकडून शिष्यवृत्ती चालू असेल तर ते आधी विचारून घ्या. दोन्हीकडे अर्ज केला की चौकशी लागते आणि चालू असलेलेही बंद पडू शकते.

सीईटीनंतरच्या प्रवेशात डिफेन्सचा (सैनिकांच्या मुलांच्या राखीव जागांचा) प्रकार चुकवू नका. महाराष्ट्राचा अधिवास असलेला माजी सैनिक हा प्रकार १, अधिवास असलेला सेवेतला जवान प्रकार २, आणि परराज्यातला पण बदलीने महाराष्ट्रात आलेला प्रकार ३. वर्षाच्या मध्यात निवृत्त होणाऱ्या वडिलांच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो.

शाळा_छावणी

वरचे सगळे पटले. बदलीच्या मुलांविषयी मी लिहिते.

अंबाला, जम्मू किंवा जोधपूरच्या केंद्रीय विद्यालयातून चौथी-पाचवीत गावी आलेले मूल मराठी बोलते, पण वाचते अडखळत. जोडाक्षरे, ‘ळ’ आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत अडते. गणितातला मजकूर समजत नाही म्हणून गणितातही मागे पडते, आणि वर्गात ‘ढ’ ठरते. महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांना मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण परराज्यातून आलेल्या मुलासाठी शाळेकडे वेगळा तास नसतो. ही जागा संघटनेने भरावी. आठवड्यातून चार दिवस, ४५ मिनिटे, सलग तीन महिने, एका वेळी पाच ते सहा मुले. पहिले दोन आठवडे फक्त मोठ्याने वाचन, इयत्ता दुसरीच्या पुस्तकापासून. वयाच्या वर्गाचे पुस्तक लगेच हातात दिले तर मूल गप्प बसते. चौथ्या आठवड्यापासून गणिताची शाब्दिक उदाहरणे मराठीत वाचून हिंदीत समजावू द्या, मग उलट. शिकवायला डीएड झालेली गावातली मुलगी मानधनावर घ्या. सभासदांनी स्वतः शिकवायला बसू नये. आवाज परेडचा असतो, आणि वडील लांब असलेले मूल त्याने बिचकते.

दाखल्याबरोबर यू-डायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा ११ अंकी पेन (कायम शिक्षण) क्रमांक मागून घ्यायला आईला सांगा. जुन्या शाळेने मुलाला पोर्टलवरून सोडले नाही तर नव्या शाळेत नाव चढत नाही आणि गुरुजी ‘नंतर बघू’ म्हणतात. जुन्या शाळेत फोन लावायला त्या छावणीत सध्या असलेला ओळखीचा जवान उपयोगी पडतो. एका फोनचे काम आहे.

दुसरे, सैनिक स्कूल. सातारची शाळा १९६१ ची, चंद्रपूरची २०१९ ची, आणि आता मुलींनाही प्रवेश आहे. सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, तरी खेड्यातली घरे खाजगी क्लासच्या फीला घाबरून फॉर्मच भरत नाहीत. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान प्रत्येकी ५०. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा फक्त इंग्रजीतून. वय सहावीसाठी ३१ मार्चला १० ते १२ वर्षे. म्हणून चौथीच्या उन्हाळ्यातच गणित सुरू करा, रोज २० उदाहरणे. सामान्य ज्ञानाची जाडी पुस्तके शेवटच्या तीन महिन्यांवर ठेवा. पाचवीच्या दिवाळीनंतर जागे होणाऱ्यांचे गणित कच्चे राहते.

जिल्ह्याच्या सैनिकी मुला-मुलींच्या वसतिगृहांची चौकशी मे महिन्यातच करा. जूनमध्ये धावपळ करून हाती काही लागत नाही.

दुवा

वीरनारींच्या मुलांविषयी, थोडे कठोर वाटेल तरी.

दर २६ जानेवारीला त्या मुलाला मंचावर उभे करणे थांबवा. शवपेटीचा फोटो असलेला फ्लेक्स शाळेच्या रस्त्यावर लावणे थांबवा. सहा वर्षांचे मूल तो रोज जाता-येता बघते. कार्यक्रमाला बोलवायचे असेल तर आधी आईला आणि मग मुलाला स्वतंत्र विचारा, आणि ‘नाही’ म्हटले तर पुन्हा आग्रह करू नका. सन्मान वडिलांचा आहे. त्याचे ओझे मुलाच्या अंगावर पडायला नको.

पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. खरी गरज चौथ्या महिन्यापासून सुरू होते आणि दुसऱ्या वर्षी सर्वांत जास्त असते, कारण तोवर सगळे पांगलेले असतात. प्रत्येक घरासाठी एकच दुवा (संपर्क ठेवणारा सभासद) नेमा, शक्यतो सभासदाची पत्नी सोबत घेऊन जोडीने. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, आधी फोन करून. काम काय? शाळेची पालकसभा, दवाखाना, पेरणीच्या आठवड्यात मुलांना सांभाळणे, फॉर्मवर सही कुठे करायची ते दाखवणे. दुवा दर सहा महिन्यांनी बदलू नका. ज्या मुलाने एक माणूस गमावला आहे त्याला माणसे बदलणे फार जड जाते.

वर्गशिक्षकांना, आईच्या परवानगीने, दोन तारखा कळवा: वडिलांचा वाढदिवस आणि ते गेले तो दिवस. त्या आठवड्यात ‘माझे बाबा’ असा निबंध घातला जाऊ नये एवढी काळजी पुरे. मूल दोन-तीन महिने झोपेत दचकत असेल, अंथरूण ओले करू लागले असेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल तर ‘सैनिकाचा मुलगा आहेस, रडायचे नाही’ हे वाक्य कुणालाही म्हणू देऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते.

पैशावरून सून आणि सासू-सासरे यांच्यात ताण होतोच. संघटनेने कुणाची बाजू घेऊ नये आणि कोऱ्या कागदावर कुणाची सही होऊ देऊ नये. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत विधी साहाय्य केंद्रे आहेत. तिथे पाठवा. मुलाच्या वाट्याचे पैसे त्याच्या नावावर १८ वर्षांपर्यंत मुदत ठेवीत गेले की निम्मे भांडण आपोआप संपते.

तालुका_सचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, वाचनाचा वर्ग दिवाळीनंतर लगेच बसवतो. दोन शंका आहेत. बहुतेक घरी बाई एकटी आणि आमचे सभासद पुरुष, त्यामुळे गावात चर्चा होते. आणि सव्वाशे घरांची यादी करायची तर तिच्यात काय काय लिहावे?

कागदपत्र_कक्ष

भेट नेहमी दोघांनी, त्यांतली एक स्त्री, दिवसाउजेडी, आणि शक्यतो सासू किंवा शेजारीण घरात असताना. मुलाला एकट्याला गाडीवर कुठेही न्यायचे नाही, परीक्षेलाही नाही. आई सोबत असेल तरच. शिकवणी उघड्या दाराच्या खोलीत. मुलाच्या बाबतीत लैंगिक गैरप्रकाराचा संशय आला तर तो संघटनेत ‘मिटवायचा’ विषय नाही. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालकांची हेल्पलाइन १०९८. हे नियम एका पानावर छापून प्रत्येक सभासदाची सही घ्या. गावातली चर्चाही त्यानेच थांबते.

यादीत घराचे नाव, मुलांची नावे, इयत्ता, रक्तगट, आईचा फोन आणि रात्री-अपरात्री येऊ शकेल अशा शेजाऱ्याचा फोन एवढेच. जवानाचे युनिट कुठे आहे, तो कधी सुट्टीवर येणार, हे लिहायचे नाही. पत्त्यासाठी ५६ एपीओ (सैन्याच्या टपालाचा पत्ता) पुरते. यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, फोटो काढायचा नाही. दोन छापील प्रती ठेवा, एक तुमच्याकडे, एक अध्यक्षांकडे, कुलपात. मुलांना ‘पप्पा सध्या कुठे आहेत?’ असे विचारायचे नाही, हे सभासदांना आवर्जून सांगा. मायेने विचारले जाते, पण मूल ते उत्तर शाळेतही देते.

हिशेब_तपासनीस

पैशाचे थोडक्यात. संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली नसेल तर देणगी गोळा करू नका. नोंदणी असेल तर मुलांच्या कामासाठी वेगळे खाते, दोन सह्या आणि प्रत्येक देणगीला पावती. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्हा कार्यालयाचा असतो. त्या डब्यात आपली वर्गणी मिसळू नका आणि त्यांच्या नावाने आपले डबे फिरवू नका.

६० हजारांची मोघम विभागणी अशी करता येईल: शिकवणाऱ्या ताईचे मानधन तीन महिन्यांचे १८ हजार, स्कॅनर १२ हजार, चार शिबिरांचा चहा-छपाई-प्रवास ८ हजार, परीक्षा आणि प्रवेशाच्या शुल्कासाठी तातडीचा निधी १५ हजार, बाकी ७ हजार शिल्लक. तातडीचा निधी घरी रोख देऊ नका. शुल्क थेट शाळेत किंवा पोर्टलवर भरा आणि पावती आईकडे द्या. कुणाला किती दिले त्याची नावे सभेत वाचायची नाहीत. फक्त आकडा वाचा.