कोल्हापूरचं व्याख्यान: या वेळी आवाज नीट यायला हवा

ताई (वाचन समिती):

नमस्कार मंडळी,

राजर्षी शाहूंच्या 1902 च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्यावर दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात व्याख्यान आहे. माझा भाऊ मागच्या रांगेत ट्रायपॉड लावून ते आपल्यासाठी चित्रित करणार आहे. याआधी एका व्याख्यानाचा व्हिडिओ आला होता, त्यात चित्र सुरेख होतं, पण वक्त्यापेक्षा पंखेच जास्त ऐकू येत होते. मराठी शाळेतली मोठी मुलं थोड्याच वेळात उठून गेली. कॅमेऱ्यावर बसवायचा शॉटगन माइक (मुख्यतः समोरच्या दिशेचा आवाज टिपणारा लांबट माइक) घेऊन पाठवू का? कोल्हापूरकर दादांनी कृपया सांगावं.

दादा (जुना सभासद, आता मुक्काम शाहूपुरी):

ताई, नमस्कार.

माइक पाठवू नका. मागच्या रांगेतून कितीही भारी शॉटगन लावला तरी पंखे राहणारच. प्रश्न अंतराचा आहे. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, हॉलमधला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. वीतभर अंतरावरून 10 मीटर मागे गेलात तर चौतीसेक डेसिबल गमावता. कॅमेरा कुठेही ठेवा, माइक वक्त्याच्या तोंडाजवळच हवा.

त्यासाठी साधा कॉलर माइक पुरतो. हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध. तो छोट्या रेकॉर्डरला किंवा फोनला जोडायचा, फोन विमान मोडवर टाकायचा आणि खिशात ठेवायचा. वायरलेस असेल तर ट्रान्समीटर वक्त्याच्या पाठीमागे नको. स्वस्त संच बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी माणसाच्या शरीरात बऱ्याच अडतात. समोर भरलेल्या खुर्च्या आल्या की तपासणीच्या वेळी स्वच्छ येणारा आवाज तुटायला लागतो.

आता आपल्याकडची खास गोष्ट. माइक सत्कारानंतर लावा. शाल, हार, श्रीफळ, मग फोटो, या सगळ्यात माइक एक तर निघतो नाही तर शालीखाली दबतो. कडक इस्त्रीचा खादी सदरा खरखरतो, मंगळसूत्र माइकवर आपटतं, पदराच्या काठाला लावला तर प्रत्येक हालचाल ऐकू येते. साडी असेल तर ब्लाउजच्या गळ्यालगत, दागिन्यापासून दूर, आणि वायरचा एक सैल वेढा चिकटपट्टीने आतून धरून ठेवा.

रेकॉर्डिंगची पातळी ऑटोवर ठेवू नका. वक्ता विचार करायला थांबला की ऑटो पंख्यांचा आवाज वर ओढतो. हाताने अशी लावा की मोठ्यातला मोठा शब्द रेकॉर्डरच्या मापकावर उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल (शून्य ही वरची हद्द, तिच्यापलीकडे आवाज फाटतो). आपल्याकडचे वक्ते हळू सुरू करतात आणि अर्ध्या तासाने टेबलावर हात आपटतात, त्याला जागा ठेवावी लागते.

मुलांबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगतो. ती कंटाळून उठली असं मला वाटत नाही. घुमाऱ्यात आधी व्यंजनं जातात. स, श, ट, त एकमेकांत मिसळतात. तुम्ही-आम्ही बुडालेला शब्द वाक्यावरून भरून घेतो. ज्या मुलाची मराठी घरापुरती आहे, त्याला ते जमत नाही. 'वतनदार', 'जाहीरनामा', 'मागास' हे शब्द ते कदाचित पहिल्यांदाच ऐकत असेल. त्याच्या कानावर ते स्वच्छ पडले पाहिजेत.

काका (तांत्रिक मदत):

दादा, हॉलचा साउंडवाला असेलच ना? त्याच्या मिक्सरमधून (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) वायर काढून सरळ कॅमेऱ्यात दिली तर कॉलर माइकची खटपट कशाला?

दादा:

काका, मिक्सरची वायर जरूर घ्या, पण जोडीला. एकट्या तिच्यावर विसंबू नका. मिक्सरमधून बाहेर येणारा आवाजाचा सिग्नल (लाइन) सव्वा व्होल्टच्या घरातला, कॅमेऱ्याचं माइक सॉकेट काही मिलिव्होल्टची अपेक्षा धरतं. सरळ जोडली तर आवाज फाटतो आणि फाटलेला नंतर शिवता येत नाही. वायर वेगळ्या रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला द्या. गुणगुण आली तर ती 50 हर्ट्झच्या विजेची. वायरच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला थेट विद्युत जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारी छोटी डबी) घातला की बहुतेक वेळा जाते. साउंडवाल्याला आधीच गोडीत सांगा, रेकॉर्डिंगच्या वायरवर इको नको. हॉलमध्ये लोकांना आवडतो, व्हिडिओत शब्द खातो.

आणखी एक. मिक्सरला फक्त त्याच्या माइकवरचंच कळतं. प्रश्नोत्तरांत सभागृहातला प्रश्न त्यात येत नाही, उत्तर तेवढं येतं. एक कार्यकर्ता हातमाइक घेऊन फिरवा, नाही तर निवेदकाने प्रश्न पुन्हा वाचावा.

सगळी यंत्रं सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी, संपल्यावर दुसरी. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत, दीड तासात ओठ आणि शब्द वेगळे पडू शकतात. दोन टाळ्या असल्या की जुळवणं सोपं जातं.

ताई, भावाला माझा नंबर खासगी मेलवर द्या. आदल्या संध्याकाळी हॉल उघडा मिळाला तर मी येतो. पंखे लावून तपासणी करू आणि वक्त्यांच्या जवळचे कोणते बंद ठेवता येतील ते तिथेच व्यवस्थापकांना विचारू.